१ जूनचा उंबरठा

महाराष्ट्रातल्या सरकारी कचेऱ्यांत ३१ मे हा हारतुऱ्यांचा दिवस. एकाच खात्यातले, कधी एकाच खोलीत बसणारे तिघे-चौघे त्या दिवशी निवृत्त होतात. कारण सगळ्यांना ठाऊक असतं. कागदोपत्री त्या सगळ्यांचा जन्म १ जूनचा, आणि महिन्याच्या पहिल्या तारखेला जन्मलेला कर्मचारी आदल्या महिन्याच्या अखेरीस निवृत्त होतो. ही तारीख गुरुजींच्या टाकातून उतरलेली असते. पोराला शाळेत आणलं तर जन्माची नोंद कुठेच नाही. आई म्हणते, ‘ज्वारीची काढणी चालली होती बघा.’ मग गुरुजींनी पोराचा हात डोक्यावरून पलीकडच्या कानाला पोचतो का ते पाहिलं, जून महिन्यात शाळा उघडते हे ध्यानात घेतलं आणि लिहून टाकलं, १ जून. माझ्या वडिलांच्या दाखल्यावर हीच तारीख आहे. त्यांचा खरा वाढदिवस आमच्या घरात कुणालाच माहीत नाही.

हीच तारीख मला पुन्हा भेटली ती अमेरिकेतल्या ढोल-बिगुल पथकांच्या नियमांत. तिथेही १ जून हा उंबरठा आहे. त्याच्या अलीकडे जन्मलेला बाहेर, पलीकडे जन्मलेला आत.

बावीस म्हणजे म्हातारा

या पथकांना ‘ड्रम कोअर’ म्हणतात. लिहिताना कॉर्प्स, बोलताना कोअर, आपल्याकडच्या लष्करी कोअरसारखंच. पितळी वाद्यं, ढोल-ड्रमचे ताफे आणि निशाणं, लाकडी रायफली, तलवारी फिरवणारा ‘कलर गार्ड’ असे दीडशेच्या आसपास जण फुटबॉलच्या मैदानावर उतरतात. दहा-बारा मिनिटांत ते वाजवत, धावत, आकृत्या बांधत नि मोडत एक अखंड प्रयोग सादर करतात. सनई-बासरीच्या कुळातलं वाद्य त्यात नसतं. या जगाची मुख्य संस्था म्हणजे ड्रम कोअर इंटरनॅशनल, थोडक्यात डीसीआय. जूनच्या अखेरीपासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत पथकं बसगाड्यांतून देशभर फिरतात, शाळांच्या व्यायामशाळांत जमिनीवर झोपतात, दिवसभर उन्हात सराव करतात आणि संध्याकाळी स्पर्धेला उभी राहतात. यासाठी सदस्याला मानधन मिळत नाही. उलट तोच हंगामाचे काही हजार डॉलर भरतो. २००९पासून अंतिम फेरी इंडियानापोलिसच्या लुकास ऑइल स्टेडियममध्ये होते. अंतिम रात्री उरतात बारा पथकं.

डीसीआय स्वतःची ओळख १३ ते २२ वयाच्या मुलामुलींची स्पर्धा अशी करून देते. वरच्या टोकाचा नियम असा: १ जूनच्या आधी ज्याला बाविसावं वर्ष पूर्ण झालं, तो त्या हंगामात उतरू शकत नाही. १ जूनला किंवा नंतर बावीस पूर्ण होत असतील, तर हंगाम संपेपर्यंत तो पात्र. म्हणजे १ जून २००३ला जन्मलेला मुलगा २०२५च्या उन्हाळ्यात पथकात उभा राहू शकला. ३१ मे २००३ला जन्मलेल्याची वेळ २०२४च्या ऑगस्टमध्येच संपली. एका रात्रीचं अंतर, एका उन्हाळ्याचा फरक. आपल्या गुरुजींनी जन्माला घातलेली सगळी पोरं त्या हिशेबात नेमकी उंबरठ्याच्या आत पडली असती, हा योगायोग मला फार गोड वाटतो.

तारीख मात्र विचारपूर्वक निवडल्यासारखी आहे. तिथली कॉलेजं मे महिन्यात सुटतात, पथकांचं निवासी शिबिर त्याच सुमारास लागतं. सरावाला उभा राहताना जो एकवीसचा आहे, त्याचा वाढदिवस जुलैमध्ये आला म्हणून त्याला भर दौऱ्यातून घरी पाठवावं लागत नाही.

मुळात वयाची अट का?

संगीताला वयाची अट असावी, हे आपल्या कानाला विचित्र वाटतं. आपल्याकडे सत्तरीतल्या गवयाच्या षड्जाला मान जास्त. या अटीचं मूळ संगीतात सापडत नाही, सैनिकांच्या संघटनांत सापडतं. पहिल्या महायुद्धातून परतलेल्या अमेरिकी सैनिकांनी १९१९मध्ये ‘अमेरिकन लीजन’ स्थापन केली. बिगूल आणि ड्रम त्यांच्या हातात होतेच. लीजनच्या शाखांची पथकं निघाली, अधिवेशनांत स्पर्धा होऊ लागल्या. पाठोपाठ त्यांच्या मुलांची, चर्चची, स्काउट तुकड्यांची पथकं आली. न्यू जर्सीतल्या गारफील्डच्या चर्चमधून १९३४मध्ये ‘कॅडेट्स’ निघालं, विस्कॉन्सिनमध्ये १९३८ला ‘मॅडिसन स्काउट्स’. मोठ्यांची पथकं ती सीनियर, पोरांची ती ज्युनियर. ज्युनियर पथकामागचा हेतू साधा होता: पोरांना शिस्त लागावी, ती रस्त्यावर उनाडू नयेत. अशा ठिकाणी पंचविशीतला गडी येऊन उभा राहिला तर तो एका पोराची जागा खातो, एवढा सरळ विचार त्या अटीत होता.

लीजन आणि दुसऱ्या माजी सैनिक संघटनांच्या कारभाराला कंटाळून काही ज्युनियर पथकांनी १९७१मध्ये डीसीआय उभी केली. पहिली अजिंक्यपद स्पर्धा १९७२मध्ये विस्कॉन्सिनच्या व्हाइटवॉटर गावात झाली आणि कॅलिफोर्नियाचं ‘अनाहाइम किंग्समेन’ पहिलं आलं. जुन्या संघटनांच्या कितीतरी गोष्टी नव्या संस्थेने टाकून दिल्या. २०००पासून ‘जी’ सुरातल्या बिगुलाची सक्ती गेली, २००४मध्ये ध्वनिवर्धक आले, २००९मध्ये इलेक्ट्रॉनिक वाद्यं आली. वयाची अट मात्र राहिली.

ती राहण्याला आता आणखी एक कारण आहे, स्पर्धेची धार. शंभरपैकी गुण दिले जातात आणि वरच्या पथकांतलं अंतर दशांशांत मोजावं लागतं. १९९६, १९९९ आणि २००० अशा तीन अंतिम फेऱ्यांत पहिला क्रमांक दोन पथकांत विभागला गेला. अशा चुरशीत स्नेअर ड्रमच्या रांगेत पंचविशीचे, दहा वर्षं मुरलेले दोन हात घुसले तर निकाल हलू शकतो.

डेन्व्हर, १९७७

वयाची अट मोडल्याची सगळ्यांत गाजलेली शिक्षा झाली ती न्यू जर्सीतल्या बेयॉन गावच्या ‘ब्रिजमेन’ पथकाला. गावातल्या पुलावरून पडलेलं नाव. लष्करी गणवेशांच्या त्या जगात हे पथक पिवळेधमक लांब कोट आणि रुंद काठाच्या हॅट घालून यायचं आणि भर मैदानात धाडकन कोसळण्याचं नाटक करायचं. प्रेक्षक त्यांच्यावर जीव टाकत. १९७७ची अजिंक्यपद स्पर्धा कोलोरॅडोतल्या डेन्व्हरमध्ये होती. तिथे ब्रिजमेनमध्ये जास्त वयाचे सदस्य असल्याचं उघड झालं आणि अख्खं पथक अपात्र ठरलं.

‘अख्खं’ या शब्दापाशी मी थांबतो. त्या काळी पथकाची कमाल मर्यादा १२८ होती. चूक जास्त वयाच्या मोजक्यांची, आणि त्यांना रांगेत उभं करणाऱ्यांची. उन्हाळा गेला तो सगळ्यांचा. त्यात तेराव्या-चौदाव्या वर्षी पहिल्यांदा पथकात आलेली पोरंही असतील, आणि ज्यांचं ते नियमात बसणारं शेवटचं वर्ष होतं तेही असतील. त्यांच्यासाठी पुढचा हंगाम नव्हताच.

नियम इतका कठोर का, हे पथकाची रचना पाहिली की कळतं. मैदानावरच्या आकृतीत प्रत्येकाचं पाऊल कागदावर आखलेलं असतं. अमुक ठोक्याला अमुक रेघेवर अमुक माणूस. एक जण गेला की तिथे मोकळी जागा दिसते, बोलीभाषेत ते तिला ‘होल’ म्हणतात. ऐन हंगामात कुणी आजारी पडला, कुणाचा पाय मुरगळला, की संचालकाच्या डोळ्यांसमोर ते भगदाड उभं राहतं. हाताशी गेल्या वर्षी वयामुळे बाहेर पडलेला, सगळं पाठ असलेला वादक असतो. मोह तिथे पडतो. ही फसवणूक एकट्याला पचवता येत नाही आणि तिचा फायदाही एकट्याला होत नाही. गुण पथकाला मिळतात. म्हणून शिक्षाही पथकालाच. तर्क म्हणून हे बिनतोड आहे. न्याय म्हणून ते मला पूर्ण पटलेलं नाही.

ब्रिजमेन त्या फटक्यातून उठलं. तीनच वर्षांनी, १९८०मध्ये, त्याने देशात तिसरा क्रमांक मिळवला.

लिहिणारा हात कुणाचा?

वयचोरीचा विषय निघाला की आपण पोराकडे बोट दाखवतो. नोंदी पाहिल्या तर बोट बहुधा मोठ्यांकडे वळतं. २००१मध्ये अमेरिकेत लहान मुलांच्या बेसबॉलची ‘लिटल लीग’ विश्व मालिका गाजवणारा न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्सचा चेंडूफेक्या बारा वर्षांचा म्हणून खेळला. डोमिनिकन प्रजासत्ताकातल्या नोंदींतून तो चौदाचा निघाला. संघाचे सगळे विजय पुसले गेले. मात्र तहहयात बंदी आली ती त्याच्या वडिलांवर आणि संघाच्या संस्थापकावर. मुलगा निर्दोष धरला गेला. तिथे निदान दोष कुणाचा हे वेगळं काढून सांगितलं गेलं.

आपल्याकडे क्रिकेटमध्ये हा रोग जुना आहे. सोळा वर्षांखालच्या मुलांचं वय ठरवायला बीसीसीआय मनगटाचा एक्स-रे काढते. हाडांच्या वाढीवरून वय सांगणाऱ्या या पद्धतीला ‘टीडब्ल्यू-३’ म्हणतात. कागदावर विश्वास उरला नाही की हाडांना साक्षीला बोलवावं लागतं. २०२०मध्ये मंडळाने एक शहाणी वाटही काढली: खोट्या जन्मतारखेची कबुली स्वतःहून द्या, शिक्षा नाही, खऱ्या वयोगटात खेळा, लपवलंत आणि सापडलात तर दोन वर्षांची बंदी. कबुलीला जागा ठेवणारा नियम मला अंतिम फेरीच्या तोंडावर पडणाऱ्या कुऱ्हाडीपेक्षा बरा वाटतो.

वय संपतं तेव्हा

अट नसलेलं जगही तिथे शेजारीच आहे. मोठ्यांच्या पथकांची संघटना ‘ड्रम कोअर असोसिएट्स’ने १९६५मध्ये पहिली अजिंक्यपद स्पर्धा घेतली, पेनसिल्व्हेनियाचं ‘रीडिंग बकेनियर्स’ जिंकलं. त्या पथकांत विशीतली पोरं आणि पन्नाशीतले काका एकाच रांगेत वाजवतात. २०२४पासून ही सर्व वयांची स्पर्धा डीसीआयच्याच छत्राखाली आली आहे. म्हणजे बाविशीनंतर वाजवणं बंद होत नाही. बंद होतं ते त्या एका उन्हाळ्यात राहणं.

त्या बंद होण्याला तिथे ‘एज आउट’ म्हणतात. शेवटचा हंगाम करणाऱ्यांना मैदानावर बोलावून निरोप देतात. काही जण आपले बूट मैदानातच काढून ठेवतात आणि अनवाणी बाहेर पडतात. २०२०मध्ये साथीमुळे हंगामच रद्द झाला, १९७२नंतर पहिल्यांदा. शेवटच्या वर्षाची वाट पाहत असलेल्यांच्या घशात आवंढा तसाच राहिला. बाहेर पडलेल्यांतले पुष्कळ पुढे शाळांचे बँड शिकवतात, पथकांना तालीम देतात, परीक्षक होतात. जागा रिकामी होते म्हणूनच शिकवणारे तयार होतात. अट असावी, असं मी म्हणतो ते याचसाठी.

पण अट पाळून घेण्याची जागा पहिल्या शिबिराची आहे, अंतिम फेरीची नाही. हिवाळ्यात दाखला वाचला तर एकाला नम्रपणे परत पाठवता येतं. ऑगस्टमध्ये वाचला तर सव्वाशे जण घरी जातात. माझ्या वडिलांची तारीख गुरुजींनी मायेने लिहिली, तरी तिच्यावरून त्यांची निवृत्ती ठरली. कागद माया पाहत नाही. तुम्ही ढोल पथक चालवत असा, कबड्डीचा संघ नेत असा किंवा शाळेतून मुलं जिल्हा स्पर्धेला पाठवत असा, एवढं करा: नावं लिहून घ्यायच्या दिवशीच प्रत्येकाचा दाखला हातात घ्या, आणि वाचा.