थंडीतली गाणी आणि त्यांच्यामागे जाणारी माणसे

भाताची झोडणी आटोपली, पेंढा रचून झाला आणि संध्याकाळी अंगावर चादर घ्यावीशी वाटू लागली, की आमच्या उमरोळीच्या बाजूला गाण्याबजावण्याचे दिवस येतात. असाच एक डिसेंबर. उमरोळीच्या फलाटावर माझा एक जुना विद्यार्थी भेटला. पाठीवर गिटार, शेजारी वडील.

"कुठं निघालास रे?"

"मुंबईला, सर. आमच्या बँडचा कार्यक्रम आहे."

"बँड? म्हणजे वरातीतला?"

तो हसला. "नाही सर, आमचीच गाणी. आम्हीच लिहितो, आम्हीच चाल लावतो."

वडील मात्र हसले नाहीत. म्हणाले, "सर, तुम्हीच सांगा याला काहीतरी. हे काय पोट भरायचं काम झालं?"

मी काय सांगणार? मला स्वतःलाच ठाऊक नव्हते. तेव्हा आधी समजून घेतले. जे समजले, ते आज तुमच्यापुढे ठेवतो. असा एखादा मुलगा किंवा मुलगी तुमच्याही गावात, तुमच्याही वर्गात असेल.

आपल्याला बँड म्हणजे लग्नातला ठाऊक. तो लोकांच्या आवडीची, सिनेमातली गाणी वाजवतो. हा दुसरा बँड म्हणजे चारपाच जणांचा मेळ. कुणी गातो, कुणी गिटार वाजवतो, कुणी ढोल सांभाळतो आणि गाणी त्यांची स्वतःची असतात. अशा मेळांना 'इंडी' म्हणतात. इंडिपेंडंट, म्हणजे स्वतंत्र, या शब्दाचे हे लाडके रूप. स्वतंत्र कुणापासून? तर मोठ्या रेकॉर्ड कंपन्यांपासून. 1977 साली इंग्लंडातील मँचेस्टर शहरी 'बझकॉक्स' नावाच्या तरुणांनी आप्तेष्टांकडून 500 पौंड उसने घेतले आणि स्वतःच हजार तबकड्या काढल्या. कंपनीच्या दारी न जाताही गाणे लोकांपर्यंत नेता येते, हे त्यामुळे अनेकांना दिसले.

आपल्या देशातही हे झाले आहे. 1990 साली दिल्लीत 'इंडियन ओशन' हा मेळ जमला. 2000 साली त्यांचे 'कंदिसा' गाजले. त्यात केरळातील सीरियन ख्रिस्ती मंडळींचे जुने स्तोत्र नव्या साजात आहे. पुढे 2010 मध्ये त्यांनी आपली नवी गाणी इंटरनेटवरून फुकट द्यायला सुरुवात केली, दर महिन्याला एक. आता म्हणाल, मग खायचे काय? इथेच खरी मेख आहे. ध्वनिमुद्रित गाण्यातून अशा मेळाला फार थोडे मिळते. पोट चालते ते समोर बसलेल्या श्रोत्यांवर, म्हणजे तिकिटावर आणि बोलावणाऱ्याने दिलेल्या बिदागीवर. श्रोता आला नाही, तर गाणे कितीही चांगले असो, मेळ मोडतो.

ही गोष्ट आपल्यापासून फार दूर आहे, असेही समजू नका. मुंबईच्या 'स्वदेशी' या तरुणांच्या गटात मराठीतूनही गातात. त्यांनी 2019 साली 'द वारली रिव्होल्ट' हे गाणे केले. आरेच्या जंगलातील आदिवासी कार्यकर्ते प्रकाश भोईर त्यात आहेत आणि विषय आहे वारल्यांच्या रानाचा नि जमिनीचा. 1945 सालचा वारल्यांचा उठाव ज्या डहाणू-तलासरीत झाला, ती आपलीच भूमी. तिथल्या माणसांचे दुःख आज नव्या तालावर मुंबईत ऐकू येते.

आता थंडीच का? एक तर पाऊस नसतो, मैदान कोरडे असते, सुट्या असतात. पुण्याचा सवाई गंधर्व महोत्सव 1953 पासूनचा. तो डिसेंबरात भरतो. पवईच्या आय.आय.टी.चा 'मूड इंडिगो' 1971 साली सुरू झाला, तोही डिसेंबरातच. स्वतंत्र मेळांचा 'एनएच सेव्हन वीकेंडर' 2010 साली पुण्यात सुरू झाला, तेव्हाही डिसेंबरच होता.

दुसरे कारण शिक्षकांनी वर्गात सांगण्याजोगे आहे. थंडीच्या रात्री जमिनीलगतची हवा गार आणि वरची त्या मानाने उबदार असते. उबदार हवेत ध्वनी जलद चालतो, म्हणून वर निघालेला आवाज वाकून पुन्हा खाली येतो. दूरच्या पाड्यावरचा ढोल थंडीत जवळ वाटतो, तो यामुळे. मोठ्या मैदानात हाच ध्वनी व्यवस्थापकांना घाम फोडतो. ध्वनी सेकंदाला सुमारे 340 मीटर जातो. मागच्या रांगांसाठी शंभर मीटरवर दुसरे कर्णे लावले, तर त्यांतला आवाज सेकंदाचा सुमारे तिसरा हिस्सा उशिरा सोडावा लागतो. नाहीतर एकच शब्द दोनदा ऐकू येईल!

ऐकायला जाणाऱ्यांसाठी दोनचार गोष्टी. 2013 पासून डहाणूपर्यंत लोकल धावू लागली, त्यामुळे उमरोळीहून मुंबईचा कार्यक्रम आवाक्यात आला. पण रात्री विरारच्या पुढे गाड्या मोजक्याच, तेव्हा परतीची गाडी पाहूनच निघावे. मोकळ्या मैदानात रात्री दहानंतर कर्णे बंद, हा 2000 सालचा नियम. सरकार वर्षातले काही दिवस बारापर्यंत सूट देते. म्हणून कार्यक्रम वेळेवर सुरू होतात. उशिरा गेलात तर अर्धे गाणे हुकेल. आणि कान सांभाळा. आवाज 85 डेसिबल असेल तर आठ तास सोसतो, पण दर तीन डेसिबलला ही मुदत निम्मी होते. 100 डेसिबलला उरतात फक्त पंधरा मिनिटे. कर्ण्यापासून दूर उभे राहावे, कानात बोळे घालावेत. त्यात लाज कसली?

मेळाच्या मागे जाणे म्हणजे काय, हे आपल्या वारली मंडळींना वेगळे सांगायला नको. दुधी भोपळा, बांबूच्या नळ्या, मेण आणि ताडाची पाने यांचा तारपा होतो. तारपकरी मध्ये वाजवतो आणि नाचणारे कमरेला हात गुंफून त्याच्या सुराबरोबर फिरतात. तो चाल बदलतो, तशी त्यांची पावले बदलतात. जव्हार तालुक्यातील वाळवंड्याच्या भिकल्या लाडक्या धिंडा यांना 2026 साली पद्मश्री जाहीर झाली, ती याच वाद्यासाठी. ते वाद्य इतकी वर्षे टिकले, त्यात वाजवणाऱ्याइतकाच फेर धरणाऱ्यांचाही वाटा आहे.

त्या दिवशी मी वडिलांना एवढेच म्हणालो, "चला, आपण दोघे जाऊन तरी पाहू." गेलो. लहानशी खोली, चाळीसेक माणसे. आवाज मोठा, शब्द सगळे कळले नाहीत. एक गाणे मात्र कळले. त्यात खाडी होती, मीठ होते आणि पहाटेची पहिली गाडी पकडणारा बाप होता. परतताना वडिलांनी विचारले, "किती मिळाले?" मुलगा म्हणाला, "गाडीभाडं सुटलं." सफाळे गेले तरी वडील गप्पच होते. मग म्हणाले, "ते गाडीचं गाणं... पुन्हा कधी आहे?"

यावरून मुलाने नोकरी सोडावी, असे मी म्हणणार नाही. तो आठवडाभर कारखान्यात जातो नि सुटीत गातो, आणि तूर्त तेच शहाणपणाचे. पण शिक्षकमित्रहो, स्नेहसंमेलनात एक गाणे तरी मुलांनी स्वतः रचलेले असू द्या. आणि आईबापहो, आपले मूल गात असेल, तर निवाडा करण्यापूर्वी एकदा समोर बसून ऐका. आवडले नाही, तर तसे सांगा. पण ऐकून सांगा.