नथ विकायला काढण्याआधी

हौसेने चार मैत्रिणींना मोत्यांच्या नथी करून देणारी एखादी बाई त्या विकायचं मनावर घेते, तेव्हा तिला पहिली धास्ती असते लायसन्सची. दुकान नाही, कंपनी नाही, मग विकायचं कसं? या धास्तीपायी कितीतरी जणी वर्षानुवर्षं नुसत्या भेटीच देत राहतात. धंदा सुरू केलेल्या बहुतेक जणी मात्र बुडतात त्या किंमत लावताना.

तरी कागदांचं आधी उरकून घेऊ. एकटीने व्यवसाय करायला कंपनी काढावी लागत नाही. महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार मोजकेच कामगार असले, तर ऑनलाइन माहिती कळवली की भागतं. लघुउद्योगांसाठीची ‘उद्यम’ नोंदणी आधार आणि पॅनवर होते आणि सरकारी पोर्टलवर तिला एक पैसाही पडत नाही. ‘उद्यम काढून देतो, इतके भरा’ म्हणणारी संकेतस्थळं सरकारी नसतात. जीएसटीचं म्हणाल, तर फक्त माल विकणाऱ्याला राज्यातल्या राज्यात वर्षाला 40 लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणीची सक्ती नाही.

आता किंमत. ‘साहित्याच्या दुप्पट लावा’ हा सल्ला इतका फिरतो की तो नियमच वाटू लागतो. समजा, एका नथीला मोती, मधला लाल खडा आणि तार मिळून 45 रुपये लागले. दुप्पट झाले 90. पण तारेत एकेक मोती ओवायचा, त्यामागे पीळ द्यायचा, बाक बिघडला तर उसवून पुन्हा घालायचा, दाबाची नथ असेल तर ती नाकावर बसेल पण चिमटणार नाही एवढाच ताण ठेवायचा, शेवटी तारेचं टोक बोटाला लागणार नाही इतकं घासायचं. या सगळ्याला दीड तास गेला आणि तासाला 100 रुपये मजुरी धरली, तर 150 झाले. डबी आणि टॅगचे 15. म्हणजे नथ 210 ला पडली! ती 90 ला विकली, तर साहित्य आणि डबी वजा जाता दीड तासाच्या मेहनतीचे 30 रुपये हाती राहतात.

पुढे एखादं बुटीक ती नथ ठेवायला तयार झालं आणि त्याने विक्रीवर 30 टक्के कापले, तर 300 ला विकूनही नफा शून्य. 350 लावले, तर बुटीकचे 105 जाऊन 245 येतात, म्हणजे वर 35 सुटतात. स्टॉलचं भाडं, फुटलेले मोती, परत आलेलं पार्सल हे सारं त्या 35 मधूनच निघायचं. ‘घरचंच काम, त्याची कसली मजुरी?’ असं घरातलेच म्हणतात. लग्नसराईत पन्नास नथींची ऑर्डर आली आणि शेजारणीला हाताशी घ्यावं लागलं, की ती मजुरी मागणारच. तोवर गिऱ्हाइकाला 90 ची सवय झालेली असते.

दुसरा घोळ धातूंच्या नावांचा. जर्मन सिल्व्हरमध्ये चांदी नसते. तो तांबं, निकेल आणि जस्त यांचा मिश्रधातू आहे. ‘ऑक्सिडाइज्ड’ हा धातूच नाही, मुद्दाम काळवंडवलेलं फिनिश आहे. चांदीवर ते गंधकाच्या संयुगाने आणतात, पण तशीच काळी झाक पितळेवरही देता येते. वन ग्रॅम गोल्डच्या हारात ग्रॅमभर सोनं असतंच असं नाही, वर पातळ मुलामा असतो. जर्मन सिल्व्हरच्या झुमक्यांखाली ‘प्युअर सिल्व्हर’ लिहिणं ही ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार दिशाभूल करणारी जाहिरात ठरते. शिवाय निकेलची अ‍ॅलर्जी अनेकांना असते. कानाची पाळी खाजून लाल झाली, की ते गिऱ्हाईक परत येत नाही. युरोपीय संघाने तर दागिन्यातून किती निकेल बाहेर पडू शकतं यावर कायद्यानेच मर्यादा घातली आहे.

खऱ्या चांदीत काम करणाऱ्यांचा समज वेगळाच असतो: 925 चा शिक्का ठोकला की हॉलमार्क झाला. हॉलमार्क भारतीय मानक ब्युरोकडे (बीआयएस) नोंदलेल्या सराफाच्या मालावर, मान्यताप्राप्त केंद्रात तपासणी होऊन उमटतो. सोन्याला तो 16 जून 2021 पासून टप्प्याटप्प्याने सक्तीचा झाला. 40 लाखांपर्यंत उलाढाल असलेले सराफ आणि दोन ग्रॅमखालचे दागिने त्यातून वगळले आहेत. चांदीला तो ऐच्छिक आहे.

फॉलोअर वाढले की विक्री आपोआप होते, हाही असाच एक भाबडेपणा. नथ नाकाला लावून, आरशात बघूनच घेतली जाते. म्हणून पुण्याच्या भीमथडी जत्रेसारख्या ठिकाणचा एक स्टॉल दहा रील्सना भारी पडू शकतो.

तरीही ऑनलाइन ऑर्डर येतातच, आणि पुण्यातल्या विक्रेतीला एखादी पणजीहून किंवा बेळगावहून आली, की 40 लाखांची सवलत लागू राहत नाही. दुसऱ्या राज्यात माल विकायचा तर एरवी पहिल्या रुपयापासून जीएसटी नोंदणी लागते. हाताने केलेले इमिटेशन दागिने मात्र हस्तकलेच्या यादीत असल्याने त्यांना 20 लाखांच्या उलाढालीपर्यंत सूट आहे. अट एवढीच की पॅन हवा आणि माल कितीही किमतीचा असो, मालवाहतुकीचं ई-वे बिल काढायला हवं, अगदी 350 रुपयांच्या नथीसाठीही. मोठ्या ई-कॉमर्स मंचांवर बिननोंदणीच्या छोट्या विक्रेत्यांना 1 ऑक्टोबर 2023 पासून दार उघडलं, तेही फक्त स्वतःच्या राज्यापुरतं.