हाताने शिकण्याची शाळा

वर्ध्यात २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. सात वर्षांचे मोफत व सक्तीचे शिक्षण, तेही मातृभाषेतून आणि एखाद्या उत्पादक हस्तोद्योगाभोवती गुंफलेले, हा तिचा गाभा. अभ्यासक्रमाचा आराखडा डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीने केला. सेवाग्राममध्ये आर्यनायकम आणि आशादेवी या दांपत्याने ‘नई तालीम’ नावाच्या या शिक्षणाची शाळा उभी केली.

मधल्या काळात खंडित झालेली सेवाग्रामची ही शाळा २००५ मध्ये ‘आनंद निकेतन’ या नावाने पुन्हा सुरू झाली. माध्यम मराठीच. शेती, स्वयंपाक, सूतकताई हे इथे तासिका संपल्यावरचे छंद नाहीत. त्यांतूनच विषय शिकायचे. वाफा आखताना क्षेत्रफळ येते, भाजी तोलताना दशांश अपूर्णांक, कापसाच्या बोंडापासून सुतापर्यंत जाताना वनस्पतिशास्त्र आणि स्वातंत्र्यलढ्याचा इतिहासही. शालेय शिक्षणातला हा महाराष्ट्राच्या मातीतला सर्वांत धाडसी प्रयोग आहे, असे आम्हाला वाटते.

अशा शिकण्याची नोंद गुणपत्रिकेत कशी करायची? राज्यात २०१० पासून सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनात वर्णनात्मक नोंदींना जागा मिळाली. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० तर समग्र प्रगतिपत्रक मागते. त्यात शिक्षकांच्या शेऱ्यासोबत मुलाने स्वतःचे केलेले आणि वर्गमित्रांनी केलेले मूल्यमापनही अपेक्षित आहे.