चेंडू एकीच्याच हातात

दहा वर्षांखालील मुलींच्या सॉफ्टबॉलमध्ये मैदानावर नऊ जणी उभ्या असतात. खेळ मात्र बराच वेळ पिचर, कॅचर आणि बॅट घेऊन उभी असलेली मुलगी या तिघींपुरताच चालतो. या वयात चेंडूवर ताबा कमी असतो. त्यामुळे बॅटर एक तर तीन स्ट्राइकवर बाद होते, नाही तर चार चुकीच्या चेंडूंवर ‘वॉक’ मिळून पहिल्या बेसवर जाते. फटका बसून चेंडू मैदानात येण्याचे प्रसंग थोडे. अशा खेळात जिंकायचेच असेल तर वाट सरळ आहे. बरोबरीच्या मुलींपेक्षा लवकर वाढलेली, खांद्यात जोर असलेली एक मुलगी हेरायची आणि तिच्याकडूनच डावामागून डाव टाकून घ्यायचे. दुबळ्या बॅटरला बजावायचे, की बॅट फिरवूच नकोस, वॉक मिळेल. ती बेसवर पोचली की पुढचे बेस चोरायला लावायचे, कारण समोरच्या कॅचरची फेक दुसऱ्या बेसपर्यंत धड जात नाही. जिला झेल जमत नाहीत तिला राइट फील्डला उभे करायचे. तिकडे चेंडू फारसा येतच नाही. संघ जिंकतो, चषक येतो, आणि हंगाम संपताना संघातल्या बऱ्याच मुलींना ना फटका मारता येतो ना चेंडू अडवता येतो. छोट्या मुलींच्या संघाने शिकण्याला पहिले स्थान द्यावे, असे म्हटले की अनेकांना तो हळवेपणा वाटतो. मला तसे वाटत नाही. या खेळात, या वयात, जिंकण्याचा जवळचा रस्ता आणि खेळाडू घडण्याचा रस्ता वेगळे होतात आणि प्रशिक्षकाला त्यातला एक निवडावाच लागतो.

याचा पुरावा खेळाच्या नियमांतच आहे. अमेरिकेतील क्लब स्पर्धांत दहा वर्षांखालील मुली ११ इंच परिघाच्या चेंडूने खेळतात आणि पिचर ३५ फुटांवरून टाकते. बारा वर्षांखालील गटात चेंडू १२ इंचांचा होतो आणि अंतर ४० फूट. चौदा वर्षांखालील गटात ते ४३ फुटांवर जाते, म्हणजे ऑलिंपिकमधल्या अंतराइतके. कॅचरच्या हातातही तोवर जोर आलेला असतो, त्यामुळे बेस चोरून धावा गोळा करण्याचे दिवस संपतात. थोडक्यात, दहाव्या वर्षी ज्या खेळात चषक मिळवला तो खेळ चौदाव्या वर्षी उरलेलाच नसतो. त्यात मुलींची उंची साधारण अकरा-बारा वर्षांच्या सुमारास सर्वांत झपाट्याने वाढते. कुणाची आधी, कुणाची नंतर. दहाव्या वर्षी जी गुणवत्ता म्हणून डोळ्यांत भरते, तिच्यात नुसत्या लवकर वाढण्याचा वाटा किती, हे त्या वेळी कुणालाच सांगता येत नाही. १९९६, २००० आणि २००४ अशी सलग तीन ऑलिंपिक सुवर्णपदके जिंकणाऱ्या अमेरिकन संघाची पिचर लिसा फर्नांडेझ लहान असताना तिचे हात आखूड आहेत, ती फार पुढे जाणार नाही, असे एका प्रशिक्षकाने सांगितले होते. त्या निदानावर विसंबून तिला राइट फील्डला धाडले असते तर काय झाले असते, याची कल्पना करून पाहावी.

मग घडवणारा संघ वेगळे काय करतो? तो पाच-सहा मुलींना पिचिंग शिकवतो आणि सामन्यात टाकायलाही देतो, त्यातल्या दोघी-तिघींचे चेंडू भलतीकडे जाणार हे माहीत असूनही. सगळ्यांना फलंदाजीच्या क्रमात ठेवतो, जागा आलटून पालटून देतो आणि बॅट फिरवायला सांगतो, वॉक सहज मिळत असला तरी. ‘लिटल लीग’सारख्या संस्थेत प्रत्येक मुलीला किमान काही वेळ क्षेत्ररक्षण आणि एकदा तरी फलंदाजी मिळावी असा नियम आहे, पण किमान म्हणजे पुरेसे नव्हे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे प्रशिक्षकाचे बोलणे. वॉशिंग्टन विद्यापीठातील रोनाल्ड स्मिथ आणि फ्रँक स्मॉल या मानसशास्त्रज्ञांनी प्रशिक्षकांसाठी काही तासांचे एक शिबिर तयार केले होते: प्रयत्नाला दाद द्या, चुकीनंतर धीर द्या आणि नेमके काय करायचे ते सांगा, शिक्षा टाळा. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या एका अभ्यासात अशा प्रशिक्षकांकडे खेळलेल्या मुलांपैकी पुढच्या वर्षी फक्त ५ टक्के खेळ सोडून गेली. इतर प्रशिक्षकांकडची २६ टक्के. हार-जितीत दोन्ही गटांत फरक नव्हता. तो अभ्यास मुलग्यांच्या बेसबॉल संघांचा होता, हे खरे. पण अमेरिकेत किशोरवयात मुली मुलांपेक्षा जास्त प्रमाणात खेळ सोडतात, तेव्हा त्यांच्या बाबतीत हा मुद्दा अधिकच लागू पडतो. जी मुलगी बाराव्या वर्षी मैदान सोडते तिचे पुढे काहीच घडवता येत नाही.

यावर पहिला आक्षेप असा, की मुलांनाच जिंकायचे असते. असतेच. पण किती? जॉर्ज वॉशिंग्टन विद्यापीठातील अमांडा व्हिसेक यांनी फुटबॉल खेळणाऱ्या मुलामुलींना खेळात मजा कशामुळे येते हे विचारले. जमलेल्या ८१ गोष्टींच्या क्रमवारीत जिंकणे अठ्ठेचाळिसावे आले. जीव तोडून खेळणे, संघातला जिव्हाळा आणि प्रशिक्षकाची चांगली वागणूक कितीतरी वर होते. यावरून धावफलक झाकून ठेवावा, असे मी म्हणणार नाही. नॉर्वेने लहान मुलांच्या स्पर्धांत गुणतक्ते आणि क्रमवारी टाळण्याचा नियम केला आहे आणि हिवाळी ऑलिंपिकमध्ये तो देश २०१८ आणि २०२२ दोन्ही वेळा अव्वल ठरला. सॉफ्टबॉलमध्ये मात्र धावा मोजणे हा खेळाचाच भाग आहे. मुली घरी जाताना त्या मोजतातच. प्रश्न एवढाच, की शेवटच्या डावात एका धावेने मागे असताना चेंडू कुणाच्या हातात द्यायचा, हे प्रशिक्षक कशावरून ठरवतो.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: सरासरी मुलींसाठी हुशार मुलीचे नुकसान का? तिला महाविद्यालयाची शिष्यवृत्ती मिळायची आहे. १९७२च्या ‘टायटल नाइन’ कायद्यानंतर अमेरिकेत मुलींच्या खेळांना जी दारे उघडली त्यातूनच ही आशा आली आणि ती खोटी नाही. पण वर्षभर एकाच मुलीकडून पिचिंग करून घेण्याचा पहिला फटका तिलाच बसतो. खालून टाकलेला चेंडू खांद्याला त्रास देत नाही, हा समज मोजमापांपुढे टिकलेला नाही. हात गोल फिरवून टाकताना तरुण पिचरच्या खांद्यावर येणारा ताण बेसबॉलच्या पिचरच्या ताणाशी तुलना करण्याइतका असतो. लिटल लीगने बेसबॉलमध्ये २००७पासून मुलांच्या चेंडूंवर मर्यादा घातली. मुलींच्या सॉफ्टबॉलमध्ये तशी चेंडूंची मोजणी आली नाही. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांची संघटना एकाच खेळाला वाहून घेणे पंधरा-सोळा वर्षांपर्यंत लांबवा, असे सांगते. वर्षातून दोन-तीन महिने त्या खेळापासून सुटी घ्यावी, असाही तिचा सल्ला आहे. म्हणजे पाच पिचर तयार करणारा संघ हुशार मुलीचाही खांदा राखतो. शिवाय पिचिंग नसलेल्या दिवशी ती शॉर्टस्टॉपला चेंडू अडवायला शिकते.

महाराष्ट्रात सॉफ्टबॉल शालेय स्पर्धांमध्ये खेळला जातो आणि इथल्या मुलींचे संघ देशात नावाजलेले आहेत. इथे शिष्यवृत्तीच्या जागी दहावी-बारावीचे क्रीडा गुण आणि सरकारी नोकरीतले पाच टक्के आरक्षण आहे. दोन्ही स्पर्धेतल्या कामगिरीवर मिळतात, त्यामुळे जिल्हा, विभाग, राज्य अशा पायऱ्या चढवून देणाऱ्या एका पिचरवर सगळा भार टाकण्याचा मोह इथेही तेवढाच आहे. मुलीला संघात घालण्यापूर्वी पालकांनी कपाटातले चषक मोजू नयेत. गेल्या हंगामात सामन्यात किती मुलींनी पिचिंग केले, आणि त्या आधीच्या वर्षीच्या मुलींपैकी किती जणी अजून खेळताहेत, हे प्रशिक्षकांना विचारावे.