विमानप्रवास : आधी जान, मग माल

भिवंडी, मालेगाव, मुंबईचे आपले व्यापारी आणि कारागीर बंधू दुबई, जिद्दाह, ग्वांगझूला जातात. भाव, नमुने, कस्टमचे कागद यांची तयारी चोख असते. विमान पेटले तर काय करायचे, याचा विचार मात्र फार थोडे करतात.

३ ऑगस्ट २०१६ रोजी तिरुवनंतपुरमहून निघालेले एमिरेट्सचे विमान दुबईच्या धावपट्टीवर आदळून पेटले. आतील ३०० माणसे वाचली, परंतु अग्निशमन दलाच्या एका जवानाचा जीव गेला. धूर पसरत असताना काही प्रवासी वरच्या कप्प्यातून बॅगा काढत होते. याउलट २ जानेवारी २०२४ रोजी टोकियोच्या हानेदा विमानतळावर जपान एअरलाइन्सचे विमान जळून खाक झाले, तरी सर्व ३७९ जण सुखरूप बाहेर पडले. बहुतेकांनी सामान जागीच सोडले होते.

नवे विमान मंजूर करताना निम्म्याच दारांतून सर्वांना ९० सेकंदांत उतरवून दाखवावे लागते. बॅगा काढण्याची सवड या हिशेबात नाही. व्यापाऱ्याचा जीव बॅगेत अडकतो, कारण तीत पासपोर्ट, रोकड, ऑर्डरची वही असते. म्हणून उड्डाण आणि उतरण्याच्या वेळी या चिजा आतल्या खिशात ठेवाव्यात. कागदांच्या नकला दुकानात ठेवून जावे. मग बॅग सोडणे जड जात नाही.

कपड्याचेही पाहावे. आपण कापडवाले धागा जाळून माल ओळखतो. सुताची राख होते, पॉलिस्टर वितळून त्याची कडक गाठ होते. तीच गाठ आगीत कातडीला चिकटते. म्हणून पुऱ्या बाह्यांचे सुती कपडे घालावेत. बुरखाही शक्यतो सुती असावा. पायताण पायातच राहू द्यावे.

जागेवर बसताच पुढच्या व मागच्या दारापर्यंतच्या रांगा मोजाव्यात. धुरात डोळ्यांना दिसत नाही, हाताने मोजता येते. धुरात वाकून चालावे. विमानाचा पट्टा मोटारीसारखा बटण दाबून नव्हे, झडप उचलून सुटतो, तो एकदा उघडून पाहावा. प्राणवायूचा मास्क आधी स्वतःला, मग मुलाला लावावा. पाण्यात उतरण्यासाठीचे जाकीट आत फुगवू नये. २३ नोव्हेंबर १९९६ रोजी कोमोरोस बेटांजवळ इथिओपियन विमान समुद्रात कोसळले, तेव्हा आतच जाकीट फुगवलेले कित्येक जण बुडत्या विमानात अडकून मेले.

सफरची दुआ जरूर पढावी. पण उंट आधी बांधावा आणि मग तवक्कुल करावा, हीच आपल्याला शिकवण आहे. रांगा मोजायला अर्धा मिनिट लागतो. गेलेला माल पुन्हा भरता येतो. घरी वाट पाहणाऱ्या मुलाबाळांना गेलेला माणूस परत मिळत नाही.