सोनं सिरॅमिकला का धरत नाही

मायक्रोवेव्ह सर्किटांसाठी ॲल्युमिनाच्या पांढऱ्या पातळ पट्टीवर सोन्याचा थर देतात. तो थेट दिला तर दिसतो झकास. पण वर चिकटपट्टी दाबून ओढली की सोनं तिच्याबरोबर सोलून येतं. ॲल्युमिना म्हणजे ॲल्युमिनियमचं ऑक्साइड, आणि सोन्याला ऑक्सिजनशी काही घेणंदेणं नाही. गंजत नाही म्हणून सोनं निवडायचं, तर त्याच गुणापायी ते इथे टिकत नाही.

म्हणून आधी ऑक्सिजनला हपापलेल्या धातूचा, टायटॅनियमचा किंवा क्रोमियमचा, थर देतात. जाडी साधारण १० ते ५० नॅनोमीटर. हा धातू खालच्या ऑक्सिजनशी रासायनिक बंध जोडतो आणि वरच्या सोन्यालाही धरतो. पण हा हपापलेपणा दुधारी आहे. निर्वात कक्षातला दाब वातावरणाच्या अब्जांशाइतका उतरवला, तरी उरलेल्या वायूचा एक अणुथर पृष्ठभागावर बसायला सेकंद-दोन सेकंद पुरतात. म्हणून टायटॅनियम झाल्याझाल्या, कक्ष न उघडता, सोनं चढवावं लागतं. मध्ये हवा लागली तर टायटॅनियमवर ऑक्साइड धरतं आणि सोन्यापुढे पुन्हा तोच नावडता पृष्ठभाग येतो.

माझ्या मते निम्मं काम त्याही आधीचं, धुण्याचं आहे. कल्हई करणारा नवसागर टाकतो तो ऑक्साइड निघून भांडं स्वच्छ व्हावं म्हणून. इथे ऑक्साइड काढायचं नसतं, बोटांचं तेल आणि चिकटलेलं पाणी घालवायचं असतं. सॉल्व्हंटने धुऊन, कक्षात तापवून, शेवटी आर्गॉनच्या आयनांचा मारा करतात.

क्रोमियम स्वस्त आणि सोपं, पण तापवल्यावर सोन्याच्या कणसीमांतून वर झिरपतं. मग तारा नीट जोडल्या जात नाहीत. जिथे उष्णता सोसायची असते तिथे टायटॅनियम आणि सोन्यामध्ये प्लॅटिनम किंवा पॅलेडियमचा अडसर घालतात. थर उगाच जाड करू नये. तापल्यावर सोनं ॲल्युमिनाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतं, आणि जाडी वाढली की थर सोलून काढणारा जोरही वाढतो.

एवढं करूनही थर सुटला तर उघडी पडलेली जागा बघावी. सिरॅमिक पांढरं दिसलं तर बहुधा धुण्यात कसूर. राखाडी धातू मागे राहिला असेल तर सोनं टायटॅनियमपासून सुटलंय, आणि आधी निर्वात पंप तपासायचा.