सिलिंडर व्यास व धाव

अंतर्ज्वलन-एंजिनातील सिलिंडराच्या आतील व्यासास ‘सिलिंडर व्यास’ (बोअर) आणि दट्ट्याच्या वरच्या व खालच्या सीमाबिंदूंमधील अंतरास ‘धाव’ (स्ट्रोक) म्हणतात. धाव ही भुजादंडाच्या भुजेच्या लांबीच्या दुप्पट असते. व्यासाचा वर्ग, धाव आणि ०·७८५४ यांचा गुणाकार म्हणजे एका सिलिंडराचे विस्थापन घनफळ होय. धाव व्यासापेक्षा जास्त असल्यास एंजिन दीर्घ धावेचे, कमी असल्यास अल्प धावेचे आणि दोन्ही सारखी असल्यास समचौरस समजतात.

भुजादंडाला फिरविणाऱ्या प्रेरणेच्या परिणामास पीडन परिबल (टॉर्क) म्हणतात. ते कार्य किती त्वरेने होते हे शक्ती दाखविते. म्हणून पीडन परिबलास भुजादंडाच्या कोनीय वेगाने गुणले असता शक्ती मिळते. एक मेट्रिक अश्वशक्ती म्हणजे सु. ७३५·५ वॉट.

धाव लांब असली की पीडन परिबल आपोआप जास्त मिळते, हा समज अपुरा आहे. दट्ट्यावरील प्रेरणा व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात आणि भुजेची लांबी धावेच्या प्रमाणात असते. त्यामुळे घनफळ कायम ठेवून धाव वाढविल्यास भुजा लांबते, पण दट्ट्याचे क्षेत्रफळ त्याच प्रमाणात घटते. सरासरी परिणामी दाब सारखा असेल, तर पीडन परिबल घनफळावरच अवलंबून राहते. धाव-व्यास गुणोत्तराचा खरा प्रभाव पडतो तो वेगावर. दट्ट्याचा सरासरी वेग हा धावेची दुप्पट व दर सेकंदाचे फेरे यांच्या गुणाकाराइतका असतो. तो फार वाढला म्हणजे घर्षण, झीज व जडत्वजन्य प्रेरणा वाढतात. अल्प धावेच्या एंजिनात हा वेग मर्यादेत ठेवून फेरे वाढविता येतात. शिवाय रुंद सिलिंडरात मोठ्या झडपा बसतात व जलद गतीतही एंजिनाचे श्वसन सुकर होते.

पुण्याच्या किर्लोस्कर ऑइल एंजिन्स या कंपनीचे (स्थापना १९४६) एव्ही-१ हे एक सिलिंडरी डीझेल एंजिन दीर्घ धावेचे उत्तम उदाहरण आहे. त्याचा व्यास ८० मिमी., धाव ११० मिमी. व घनफळ ५५३ घ. सेंमी. आहे. मिनिटास १,५०० फेऱ्यांना ते ३·७ किवॉ. (सु. ५ अश्वशक्ती) शक्ती देते, यावरून पीडन परिबल सु. २३·५ न्यूटन-मीटर आणि दट्ट्याचा सरासरी वेग सेकंदास अवघा ५·५ मी. येतो. टीव्ही-१ या नमुन्यात धाव तीच ठेवून व्यास ८७·५ मिमी. केल्याने घनफळ सु. २० टक्क्यांनी वाढले. त्याची शक्ती ५·२ किवॉ., म्हणजे सु. ४० टक्क्यांनी जास्त आहे. घनफळाने न भरून निघणारी वाढ सरासरी परिणामी दाबातून आलेली आहे.

मोटारसायकलींत हा भेद अधिक ठळक दिसतो. बुलेट ३५० च्या ७० × ९० मिमी. मापाच्या एंजिनाने (३४६ घ. सेंमी.) ५,२५० फेऱ्यांना सु. २० अश्वशक्ती दिली. चाकण येथे तयार झालेल्या केटीएम ३९० च्या ८९ × ६० मिमी. मापाच्या एंजिनाने (३७३ घ. सेंमी.) ९,५०० फेऱ्यांना सु. ४३ अश्वशक्ती दिली. दोहोंची महत्तम पीडन परिबले मात्र अनुक्रमे सु. २८ व ३५ न्यूटन-मीटर, म्हणजे एकमेकांच्या बरीच जवळ आहेत.

दीर्घ धावेच्या एंजिनात ज्वलनकोठी आटोपशीर राहते, ज्वालेचा प्रवास कमी होतो व उष्णतेचा ऱ्हासही कमी असतो. म्हणून मंद व अखंड कामासाठी ते सोयीचे ठरते. रुंद सिलिंडरात धारव्यांवरील भार वाढतो.

वर्धा जिल्ह्यातील केळझरसारख्या (ता. सेलू) गावी विहिरीवरील पंपासाठी एंजिन निवडताना अश्वशक्तीचा आकडा कोणत्या वेगाचा आहे, हे पाहणे अगत्याचे असते. केंद्रोत्सारी पंपाला लागणारी शक्ती स्थूलमानाने वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. गव्हर्नरशी छेडछाड करून वेग दहा टक्के वाढविल्यास सु. ३३ टक्के अधिक शक्ती लागते. एंजिनावर अतिभार येऊन काळा धूर निघतो व डीझेल वाया जाते. झिजलेला ८० मिमी. व्यासाचा सिलिंडर अर्धा मिमी. वाढवून मोठा दट्ट्या बसविल्यास घनफळ जेमतेम सव्वा टक्क्याने वाढते. अशा दुरुस्तीनंतर जाणवणारा जोर वाढलेल्या व्यासाचा नसून पूर्ववत झालेल्या संपीडनाचा असतो.